सावकाश केलेलं गाणं

आमच्या बिझर्त गावात ‘पलीकडचा किनारा’ हे गाणं येत नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. पोरं ते फुटबॉलच्या मैदानात ओरडतात, लग्नात वऱ्हाडी त्यावर नाचतात आणि जुन्या बंदरावर जाळी दुरुस्त करणारे म्हातारे नाकं मुरडत का होईना, गुणगुणतात. गाणं आमच्या बँडचं. ड्रम मुन्सिफचे, गिटार माझी, शब्द आणि गळा वज्दीचा. वज्दी ते इतकं सुसाट म्हणायचा की तिन्ही कडवी एका दमात संपायची. ध्वनिमुद्रणात कान लावून शोधलं तरी श्वास घेतल्याचा आवाज सापडत नाही. एकदा मी त्याला म्हटलंही होतं, बाबा रे, मध्ये कुठे थांबशील की नाही? तर म्हणाला, थांबलं की माणूस विचार करायला लागतो, आणि विचार करणारा माणूस समुद्र ओलांडत नाही.

त्याने खरंच विचार केला नाही. शरद ऋतूत एका पहाटे तो रफरफ गावापुढच्या किनाऱ्यावरून इतर पोरांबरोबर रबरी होडीत बसला आणि इटलीकडे निघाला. होडी पोचली नाही. परतही आली नाही. एक फोन नाही, एक चप्पल किनाऱ्याला लागली नाही. या गोष्टीला दोन हिवाळे होऊन गेले.

मी गिटारच्या शिकवण्या घेतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सूर लागला नाही की दृष्ट लागली म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सरळ घरी पाठवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते मला स्वतःलाच पटत नाही.

वसंतातल्या एका दुपारी वज्दीची धाकटी बहीण सिहेम माझ्याकडे आली. “लुत्फी, आईला रडवायचंय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, माझं वाजवणं ऐकून पुष्कळ लोक रडलेत, पण ते वेगळ्या कारणाने. ती हसली नाही. तिची आई, म्हणजे खालती महबूबा. खालती म्हणजे मावशी. गल्लीतली आम्ही सगळीच पोरं तिला तसं म्हणतो. मुलगा गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. समाचाराला येणाऱ्यांना तिने दार उघडलं नाही. मृतदेह नसला तर मशिदीत जी नमाज पढतात, तीसुद्धा तिने पढू दिली नाही. आणि जसं सुतक नाही तसं लग्नही नाही. सिहेमचं हातेमशी ठरलेलं होतं, पण खालतीचं एकच पालुपद, भाऊ आला की करू. आता हातेमच्या आईने निरोप धाडला होता की उन्हाळा संपेपर्यंत वाट बघू, पुढचं सांगता येत नाही.

“तुमच्या त्या गोंगाटात तिला त्याचं एक अक्षर कधी कळलं नाही,” सिहेम म्हणाली. “तू ते सावकाश कर. नुसती साधी गिटार घे. शब्द कानावर पडले की ती रडेल. एकदा रडली की सुटेल.”

मला ते पटलं. मी लय निम्म्यावर आणली, पट्टी खाली घेतली. तारा खसाखस झोडायच्या ऐवजी एकेक तार बोटाने छेडायला लागलो. आणि आम्ही इतकी वर्षं जे संतापाचं गाणं म्हणून वाजवत आलो ते तसं नव्हतंच हे माझ्या लक्षात आलं. मधल्या कडव्यात ‘आई, दार लोटून घे, वारा आत येतोय’ अशी एक ओळ आहे. ती मी शेकडो वेळा वाजवली होती आणि कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी ती म्हटली आणि मला गिटार खाली ठेवावी लागली.

जुन्या बंदरामागे मुन्सिफच्या मामाची शिडं ठेवायची खोली आहे. भिंती जाड, कापडाचे ढीग लावलेले, त्यामुळे आवाज कोरडा येतो. तिथे आम्ही ध्वनिमुद्रण केलं. मी गात होतो, मुन्सिफ मांडीवर बंदीर घेऊन बोटांनी हलका ठेका धरत होता. बंदीर म्हणजे आमच्याकडचा मोठा डफच. नंतर ऐकायला बसलो तर त्या दाराच्या ओळीनंतर, जिथे मी मुद्दाम मोकळी जागा सोडली होती, तिथे कुणीतरी श्वास आत घेतला.

मुन्सिफ म्हणाला, सर्दी झालीय का तुला? मी म्हटलं, तू तुझ्या पोटाकडे बघ, धापा तूच टाकतोस. श्वासाचे आवाज कापून टाकणं हे आमचं रोजचं काम, तसा तोही मी कापला. पुन्हा गायलो, पुन्हा तो त्याच जागी. मायक्रोफोन बदलला, पंखा बंद केला. मुन्सिफला बाहेर धक्क्यावर उभं केलं. शेवटी मी न गाता नुसती गिटार वाजवली, आणि दाराच्या ओळीची सुरावट संपल्यावर श्वास आला. तेवढं सोडलं तर खोलीत फक्त बाहेरच्या बोटींच्या दोरांची करकर ऐकू येत होती.

मी स्वतःला समजावलं की जुन्या भिंती आहेत, समुद्राची हवा आहे, कुठूनतरी फट असेल. मुन्सिफने मला न विचारता ते मुद्रण रेडिओवरच्या त्याच्या मित्राला देऊन टाकलं. त्याचं म्हणणं, इतकं चांगलं आपण जन्मात काही केलं नाही. त्यात खोटं नव्हतं. आठवडाभरात ते टॅक्सीत, न्हाव्याच्या दुकानात, लबलाबीच्या, म्हणजे हरभऱ्याच्या रश्श्याच्या गाड्यावर, सगळीकडे वाजायला लागलं.

खालतीकडे मी ते घेऊन गेलो तेव्हा ती अंगणात बसून हरीसाच्या चटणीसाठी वाळक्या मिरच्यांची देठं काढत होती. सिहेम तिच्या शेजारी बसली आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. गाणं संपलं. खालती रडली नाही.

“पुन्हा लाव,” ती म्हणाली.

दुसऱ्यांदा तिने डोळे मिटून ऐकलं. त्या जागेशी तिने हात वर करून मला थांबवलं. “हा श्वास कुणाचा?”

“माझाच असेल, खालती. खोली लहान होती.”

“तुझा नाही. ऐक, छातीत उजव्या बाजूला शिट्टी वाजते. लहान होता तेव्हा सगळा हिवाळा ही शिट्टी माझ्या कानाशी असायची. वाफ दिली की थांबायची.” तिने डोळे उघडले. तिच्या तोंडावर हसू होतं. “माझं पोरगं श्वास घेतंय, लुत्फी. आणि तुम्ही मला त्याच्या नावाने रडायला सांगता.”

रडवायला गेलो आणि हे होऊन बसलं. त्या दिवसापासून ती त्याच्यासाठी ताट वाढायला लागली. त्याचे शर्ट धुऊन गच्चीवर वाळत घातले. सिहेमने मला गल्लीत गाठून चांगलं फैलावर घेतलं. हातेमच्या आईला आता काय सांगू, भाऊ गाण्यात राहतो म्हणून?

खालतीने मला दर शुक्रवारी बोलवायला सुरुवात केली. गिटार घेऊन ये, आणि जरा अजून सावकाश म्हण. मी जायचो. पोर गेलेल्या बाईला नाही म्हणायला जे काळीज लागतं ते माझ्यापाशी नाही. मी लय आणखी खाली आणायचो आणि दाराच्या ओळीनंतरची जागा आणखी लांबायची. तिच्या अंगणात मायक्रोफोन नव्हता, जाड भिंती नव्हत्या. तरी श्वास येत होता. जागा जितकी मोठी तितका तोही लांबत होता. खालती मान डोलवायची आणि मला बदामाचा चहा द्यायची.

मग एका शुक्रवारी मी ते इतकं सावकाश वाजवलं की गाणं म्हणून ओळखू येईना. दार लोटून घे म्हटलं आणि थांबलो. श्वास सुरू झाला. तो आत जातच राहिला. अंगणात एक मांजर बसलं होतं, ते उठून निघून गेलं.

खालतीच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं.

“तो घेतोच आहे,” ती म्हणाली. “सोडत नाही.”

मी तारांवर हात ठेवला. सिहेम दारात उभी होती.

“एकदाही सोडला नाही त्याने. मीच वेडी, नुसता घेतलेला ऐकून खूश होत होते. लुत्फी, माणूस कुठे असला की श्वास धरून ठेवतो?”

मला ते माहीत होतं. बंदराच्या गावात वाढलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं.

“भरभर म्हण,” ती म्हणाली. “तो म्हणायचा तसं. भरभर म्हटलं की तो पार होतो. तुम्ही त्याला मधेच धरून ठेवलंय, पोरांनो.”

मी जुनं मुद्रण लावायला निघालो. ती म्हणाली, ते तो निघण्याआधीचं आहे, त्याचा काय उपयोग, आता कुणीतरी म्हणायला हवं. मी मुन्सिफला निरोप धाडला. तो ड्रम घेऊन आला. आम्ही जसं मैदानात सुरू करायचो तसं धडाक्यात सुरू केलं.

पहिल्या कडव्यातच लय खाली आली.

मुन्सिफने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. पुन्हा सुरू केलं. मी लय मोजायचं यंत्र समोर ठेवलं. ते टकटक पुढे धावत होतं आणि आमचे हात मागे राहत होते. हात दुखत नव्हते, दमले नव्हते. पाण्यात हात फिरवावा तसे फिरत होते. बाहेर मासेवाल्याच्या दुकानात रेडिओवर तेच गाणं लागलं होतं, सावकाश.

तेव्हा खालतीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

या बाईला जन्मात ताल धरता आला नव्हता. लग्नांत तिच्या टाळ्यांची आम्ही टिंगल करायचो. पण ती त्या दिवशी जी लय धरून बसली ती नेमकी वज्दीची होती. आम्ही तिच्यामागे धावलो.

मिरचीने लाल झालेले तिचे तळवे एकमेकांवर आपटत होते. पहिलं कडवं गेलं. दाराची ओळ आली आणि निघून गेली.

श्वास आला नाही.

आम्ही शेवटाला पोचलो. खालती रडत होती. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. सिहेमने धावत जाऊन तिला मिठी मारली. मी गिटार खाली ठेवली. माझेही डोळे वाहत होते आणि मला वाटलं की सुटलो.

सिहेमच्या पाठीमागे खालतीचे हात टाळ्या वाजवतच होते.

“आई, पुरे,” सिहेम म्हणाली.

“बाहेर ते सावकाश वाजतंय ना अजून,” खालती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी रेडिओच्या कचेरीत गेलो आणि ते गाणं बंद करा म्हणून हातापाया पडलो. तिथल्या साहेबांनी मला कॉफी पाजली. म्हणाले, या उन्हाळ्यात लोक दुसरं काही मागतच नाहीत, तुम्ही कलावंत मंडळी फार हळवी असता. परतताना मी पुलाजवळच्या कॅफेत बसलो होतो तेव्हा ते लागलं. दाराची ओळ झाली आणि पत्ते खेळणारे हात थांबले. वेटर ट्रे धरून उभा राहिला. पुढची ओळ सुरू होईपर्यंत तिथे कुणीही श्वास सोडला नाही. मीसुद्धा नाही.

खालतीने मशिदीतल्या नमाजेला परवानगी दिली. दार उघडलं. शेजारणींनी कुसकुसची पातेली आणली, लोक आले, बसले, वज्दीबद्दल चांगलं बोलून गेले. सिहेमच्या लग्नाची तारीखही ठरली, हातेमची आई स्वतः येऊन मिठाई देऊन गेली. मागितलं होतं ते सगळं सिहेमला मिळालं. त्या सगळ्यात खालती एका कोपऱ्यात बसून मांडीवर हाताने ठेका धरत होती, भरभर. घास तोंडात घालताना दुसरा हात चालू असायचा. झोपेत हात थांबला की ती दचकून उठायची. ती वाळायला लागली. मग एके दिवशी समोरची बाई येऊन तिच्याजवळ बसली, काही न विचारता तिने स्वतःच्या गुडघ्यावर तो ठेका धरला आणि म्हणाली, तू जरा पड. तिच्यानंतर तिची सून बसली.

सिहेमच्या मेंदीच्या दिवशी दुपारी मी गिटार घेऊन गेलो. बायका आतल्या घरात बांगड्या आणि कपडे मांडत होत्या. अंगणाजवळच्या खोलीत खालती गाढ झोपली होती. तिच्या उशाशी सिहेम होती. मेंदी लावून दोन्ही हात पांढऱ्या फडक्यांत बांधलेले, त्यातला एक गुडघ्यावर पडत होता, भरभर, जराही न चुकता.

मला बघून तिने मान वर केली. “आलास? बस,” ती म्हणाली आणि तेवढ्यात तिचा हात थांबला.

आम्हा दोघांच्या मधोमध, अगदी कानाशी, कुणीतरी श्वास आत घेतला.

तिचा हात पुन्हा सुरू झाला. खालती झोपेतच कुशीवर वळली. आतून कुणीतरी चहा आणू का म्हणून विचारलं आणि सिहेमने हो म्हणून सांगितलं.

“उद्या मी सासरी जाणार,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “ही दुपारची पाळी तू घेशील?”

मी गिटार भिंतीला टेकवली आणि हात गुडघ्यावर ठेवला.