जिन्याखालची लाल वायर

"कशालाही हात लावू नकोस," सर्वेअर फोनवर म्हणाले. "झाकण उघडलंस का?"

"अजून नाही," धाकटा म्हणाला. "पण काका, काल तुम्ही गेलात तेव्हा स्कूटर पहिल्या किकला सुरू होत होती. आज सकाळपासून किक मारून मारून माझा गुडघा गेला. ही तिसरी वेळ आहे. कोणीतरी मुद्दाम करतंय."

"म्हणूनच सांगतोय. मागच्या दोन्ही वेळी मी येईपर्यंत तू सगळ्या वायरी ओढून ठेवल्या होत्यास. आज नुसता उभा राहा. निघालोच मी."

सर्वेअरांनी अख्खी नोकरी विमा कंपनीसाठी जळालेल्या आणि आपटलेल्या गाड्या तपासण्यात काढली होती. गाडीचा मालक काय सांगतो ते ते मान हलवत ऐकून घेत, चहा पीत आणि मग गाडीखाली शिरत. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या स्कूटरच्या वायरिंगचा नाद लागला. घरची बेल वर्षभर बंद होती, ती मात्र तशीच राहिली, आणि त्यावरून बायकोची बोलणी ते रोज खात.

ही स्कूटर त्यांनीच उभी केली होती. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी काढून हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत नव्या ओढल्या, इंजिनासाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटची कॉइल नव्याने भरून घेतली, घसा बसलेल्या हॉर्नला आवाज दिला. ज्या दिवशी पुढचा दिवा लागला त्या दिवशी धाकट्याने लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

धाकटा म्हणजे या घरातला मुलगा. परगावी नोकरी करणारा, रजा काढून आलेला. हट्टाला पेटायला कारणही तसंच होतं. त्याच्या बाबांच्या डोक्यातला हिशेब अलीकडे संध्याकाळ झाली की चुकायचा. ते दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि जिना उतरून बंद स्कूटरला किक मारत बसत. बायकोला ऑफिसातून आणायला जायचं असे. ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती, हे तिथेच लाइनमन. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"बंद गाडीला लाथा मारणारा बाप मला बघवत नाही," धाकटा पहिल्याच भेटीत म्हणाला होता. "सुरू करून द्या. मी मागे बसवून फिरवून आणीन. वारा लागला की खुलतील." त्याची रजा रविवारी संपत होती.

जिन्याखालच्या अरुंद जागेत सर्वेअर गुडघ्यावर बसले. इंजिनाजवळ एक छोटी काळी डबी होती. मॅग्नेटकडून येणाऱ्या सगळ्या वायरी त्या डबीत स्क्रूने आवळलेल्या असतात. त्यांनी झाकण काढलं आणि बॅटरीचा उजेड आत धरला.

"तोडलीय ना?" धाकट्याने विचारलं.

"एकही वायर तुटलेली नाही."

स्पार्कच्या कॉइलकडे जाणारी, जिच्याशिवाय इंजिन पेटत नाही ती लाल वायर सोडवलेली होती. तिच्या उघड्या टोकावर काळी टेप गुंडाळली होती, टेपचा शेवट आत दुमडलेला. ज्या स्क्रूखालून वायर काढली तो स्क्रू परत जागेवर घट्ट बसवलेला.

"गाडी बिघडवायची तर वायर ओढायची आणि पळायचं," सर्वेअर स्वतःशीच पुटपुटले. "स्क्रू हरवू नये याची काळजी कोण घेतं?"

धाकट्याचा संशय वरच्या मजल्यावरच्या बाईंवर होता. धुराबद्दल त्यांनी सगळी इमारत डोक्यावर घेतली होती.

"तक्रार मी तोंडाने करते," बाई दारातूनच म्हणाल्या. "तेवढं मला पुरतं. स्क्रू ड्रायव्हर कुठून धरतात तेही ठाऊक नाही मला."

"सकाळी कोणाला जिन्याखाली पाहिलंत?" सर्वेअरांनी विचारलं.

"पहाटे तिथे उजेड हलत होता. मला वाटलं तुमचाच बॅटरीचा उजेड. तुम्ही दिवसरात्र तिथेच असता की."

सर्वेअर खाली धाकट्याच्या घरात आले. आजवर ते नेहमी संध्याकाळी येत. सकाळी या खोलीत ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. समोरच्या भिंतीवर एक रिकामा खिळा त्यांच्या ओळखीचा होता. आज त्या खिळ्यावर फोटो होता. कपाळाशी केस थोडे विस्कटलेली, कानाला हेडफोन लावलेली हसरी बाई.

बाबा खिडकीशी बसून चष्म्याची दांडी ठीक करत होते. नखाने टेपचं दुमडलेलं टोक पकडून त्यांनी जुनी टेप एका दमात सोडवली, नवी गुंडाळली.

"या, बसा," ते म्हणाले. "ताई, यांना चहा टाक. साखर कमी. बरोबर ना?"

सर्वेअरांची साखर त्यांच्या बरोबर लक्षात होती. स्कूटरचा मात्र त्यांनी विषयही काढला नाही. संध्याकाळी याच माणसाच्या तोंडी दुसरा विषय नसे.

ताई ही धाकट्याची मोठी बहीण. आईमागे बाबांचं सगळं तिच्याच अंगावर होतं. स्वयंपाकघरात सर्वेअरांनी हळू आवाजात विचारलं, "स्कूटर सुरू झाली त्या दिवशी हे दोघं कुठे गेले होते?"

"धाकटा बाबांना फिरवायला घेऊन गेला. बाबांनी मागून रस्ता सांगितला, डावीकडे घे, उजवीकडे घे. हा कौतुकाने घेत गेला. पोहोचले टेलिफोन ऑफिसच्या फाटकाशी." तिने गॅस बारीक केला. "ते कधीचं बंद झालंय. फाटकाला कुलूप. बाबांनी पहारेकऱ्याला विचारलं, त्याला काय माहीत. मग धाकट्याला सांगावंच लागलं. भर रस्त्यात बाबा असे रडले, जणू आई त्याच दिवशी गेली."

"आणि गाडी बंद पडायला सुरुवात त्यानंतर झाली."

तिने चहा गाळला. मग म्हणाली, "मीच केलं. मला ते परत बघायचं नव्हतं."

"कोणती वायर?"

"काळी."

"कशाने?"

"कात्रीने कापली."

"ताई," सर्वेअर म्हणाले, "तुला खोटं बोलायची सवय नाही गं."

ती ओट्याला धरून रडायला लागली. सर्वेअर परत खिडकीशी गेले आणि बाबांसमोर खुर्ची ओढून बसले. ते दोघं काय बोलले ते संध्याकाळपर्यंत कोणाला कळलं नाही.

दिवस कलायला लागला तसे सर्वेअर दोघा भावंडांना घेऊन जिन्याखाली आले.

"माझी शंका आधी ताईवर होती," ते म्हणाले. "पण वायर कापलेली नव्हती, सोडवली होती. टोक उघडं राहून कुठे चिकटू नये म्हणून टेप मारली होती. पुढच्याला ती सहज सोडवता यावी म्हणून शेवट दुमडला होता. हे जन्मभर तारा हाताळलेल्या माणसाचं काम आहे. तसाच दुमडलेला शेवट मी सकाळी एका चष्म्यावर पाहिला."

"बाबा?" धाकटा हसलाच. "काका, त्यांच्यासाठी तर केलं सगळं. ही सुरू व्हावी म्हणून जीव टाकतात ते."

"संध्याकाळी. सकाळी नाही. ताई, तो फोटो रोज कधी काढतेस?"

"दुपारी, ते झोपले की," ताई म्हणाली. "संध्याकाळी दिसला तर विचारतात, हिचा फोटो भिंतीवर का लावलाय. सकाळी परत लावते. सकाळी तेच मागतात. पुसायला."

"म्हणजे सकाळी त्यांना सगळं कळत असतं," सर्वेअर म्हणाले. "आई गेली हे कळतं. संध्याकाळी आपण काय करतो हेही कळतं. आणि ते फाटक आठवतं. मला म्हणाले, 'संध्याकाळचा तो माणूस माझं ऐकत नाही, साहेब. गाडी सुरू झाली की तो तिला आणायला जाणारच. तिथे ती नसते, आणि मग त्याला ते नव्याने ऐकावं लागतं. गाडी बंद असली की ती निदान ऑफिसात तरी असते.'"

धाकट्याने तोंड फिरवलं. तिकडे बघतच त्याने विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"दिवा लागला तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास ना," ताई म्हणाली. "ते गॅलरीतून बघत होते. त्या फाटकानंतरच्या सकाळी मला म्हणाले, पोरगा इतक्या हौसेने करतोय, त्याचं मन मोडू नकोस. मी बघतो काय ते."

वरून चपलांचा आवाज आला. बाबा उतरत होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला कंगवा. सकाळी साखर विचारणाऱ्या या माणसाने आता सर्वेअरांना ओळखलंही नाही.

"मेकॅनिक का तुम्ही? लवकर करा. तिची ड्यूटी सुटायची वेळ झाली."

त्यांनी किक मारली. पुन्हा मारली. कपाळावर घाम आला. धाकट्याला ते बघवेना. तो पुढे झाला, बाबांचा हात धरला, काहीतरी खरं बोलायला त्याने तोंड उघडलं. त्याआधीच बाबा खाली वाकले होते. डबीचं झाकण उघडंच होतं.

"बॅटरी दाखव इकडे."

उजेडात लाल वायर दिसली. बाबांनी तिचं टेप मारलेलं टोक बोटात धरलं, दुमडलेल्या शेवटावरून अंगठा फिरवला. आता नखाने ओढायचा अवकाश होता.

बाबांनी वायर अलगद होती तशी ठेवून दिली.

"ही जोडायची नाही," ते सर्वेअरांना म्हणाले. "ही आमच्यातल्या माणसाने सोडवून ठेवलीय. अशी टेप मारून ठेवलेली तार दुसऱ्याने जोडायची नसते. पुढे खांबावर आपलाच कोणीतरी चढलेला असतो. करंट सोडला तर झटका बसून खाली पडेल. ज्याने सोडवली त्यालाच जोडू दे."

"नाही जोडत," सर्वेअर म्हणाले.

बाबांनी हात पुसले आणि धाकट्याकडे वळले. "आईला फोन लाव. म्हणावं गाडी बंद आहे, आज बसने ये."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. मग बंद फोन कानाला लावला.

"आई," तो म्हणाला, "बाबांची गाडी बंद आहे. तू बसने ये."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, उशीर होईल. वाट बघू नका, जेवून घ्या."

"असंच म्हणते ती नेहमी," बाबा म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून जिन्याच्या पायरीवर बसले. धाकटा त्यांच्या शेजारी बसला.

सर्वेअरांनी डबीचं झाकण लावलं, हत्यारं गोळा केली आणि निरोप न घेता निघाले. वायर त्यांनी जोडली नाही.