कूलरमधली मतं

"पेटी गेली! अरे बापा, मतपेटी गेली!"

मे महिन्यातल्या दुपारी चार वाजता ताराचंदकाकांनी अशी काही आरोळी ठोकली, की मनीषनगरच्या त्या कॉलनीतले झोपलेले सगळे दचकून उठले आणि हॉलकडे पळत सुटले.

मेघा, सौरव आणि अंकुश सर्वांत आधी पोचले. हॉलची मागची पायरी हीच त्यांची सध्याची चोरून भेटायची जागा होती. कारण मेघाचे आजोबा आनंदराव आणि सौरवचे आजोबा मनोहरराव आठ दिवसांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. "त्यांच्या घरी पाय ठेवायचा नाही," असा हुकूम दोन्ही घरांतून सुटला होता!

भांडण कशावरून? वेगळ्या विदर्भावरून! कॉलनीच्या सभेत विषय निघाला, आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. शेवटी सचिव ताराचंदकाकांनी तोडगा काढला. सरकारी नाही, पण कॉलनीपुरतं जनमत घेऊ! चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही' यापुढे निळ्या शाईचा ठसा उमटवायचा आणि खाली एका ओळीत कारण लिहायचं. नाव लिहायचं नाही. मोजणी आज संध्याकाळी सहाला.

पण आनंदराव भर सभेत 'हो' म्हणाले, मनोहरराव 'नाही' म्हणाले, आणि तीस वर्षांची दोस्ती तिथेच मोडली. रोज सकाळी फाटकापाशी मनोहरराव म्हणायचे, "जय भीम, आनंदराव!" आणि आनंदराव म्हणायचे, "राम राम, मनोहरराव!" ज्याचा नमस्कार त्याला. मग दोघं टपरीवर चहा प्यायचे. आता मेघाचे आजोबा फाटकापर्यंत जायचे आणि चहा न पिताच परत यायचे. ते पाहून मेघाला रडूच यायचं. शिवाय खिंडसी तलावाची सहल बोंबलली ती वेगळीच! दर मे महिन्यात मनोहररावांची गाडी आणि आनंदरावांचा डबा असा सहलीचा बेत असायचा.

हॉलमध्ये आता रणधुमाळी माजली होती.

"हरायची भीती वाटली, म्हणून पळवली पेटी!" आनंदराव भिंतीकडे बघत म्हणाले.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मनोहरराव पंख्याकडे बघत म्हणाले.

"पण पेटी होती कशी?" अंकुशने हळूच विचारलं. तो आजच मामाच्या गावाहून आला होता.

"पेटी कसली! जुना लोखंडी कूलर," मेघा म्हणाली. "समोरच्या पट्ट्यांच्या फटीतून चिठ्ठी आत टाकायची. काका म्हणे, मजबूत अन् फुकट!"

सौरव एव्हाना फरशीवर ओणवा झाला होता. "मेघा, इकडे ये! हे कूलरच्या जाळीतलं गवत सांडलंय. अन् ही रेघ पाहा, थेट दारापर्यंत! अन् टेबलाखाली हे काय?"

तो 'मतपेटी' लिहिलेला कागद होता. उकाड्याने त्याची चिकटपट्टी सुटली होती.

मेघाने हॉलभर नजर फिरवली. कोपऱ्यात दुसरा एक कूलर उभा होता. "काका, तो बिघडलेला कूलर दुरुस्तीले न्यायचा होता ना?"

"हो वं! नत्थूजीले दहा दिवसांपासून फोन करून राहिलो. पण मे महिन्यात तो कुठला येते!"

"अन् आज आला असंन तर?"

ताराचंदकाकांचा चेहरा पाहायला तिघं थांबलेच नाहीत. त्यांनी सायकली काढल्या आणि रणरणत्या उन्हात चौक गाठला. दुकानासमोर नत्थूजी एका जुन्या कूलरमध्ये पाइप सोडून उभे होते!

"नत्थूजीकाका, नळ बंद करा!" मेघा ओरडली.

"काहून वं? लीकेज पाहून राहिलो ना!"

अंकुशने सायकल टाकून नळावरच झेप घेतली. पण कूलरचा टब अर्धा भरला होता आणि कॉलनीचं सगळं जनमत त्यात तरंगत होतं.

"अरे देवा! मले का माहीत, कूलरात मतं ठेवते म्हणून?" नत्थूजींनी कपाळावर हात मारला. "दुपारी हॉलात कोणीच नव्हतं. गाड्यावर टाकला अन् आणला."

"पाच वाजत आले. आता कशा वाळणार?" सौरव रडकुंडीला आला.

"नागपूरचं ऊन मग कधी कामी येणार बे?" मेघा म्हणाली. "दोरी आणा! अन् घराघरातून चिमटे!"

ओल्या चिठ्ठ्या घेऊन तिघं परतले आणि कॉलनीच्या मैदानात दोऱ्या बांधल्या गेल्या. चिठ्ठ्या पापडासारख्या कडक वाळल्या. पण हाय! ठशांची शाई धुऊन गेली होती. 'हो' कोण आणि 'नाही' कोण, काही कळेना. बॉलपेनाने लिहिलेली कारणं तेवढी जशीच्या तशी होती. ताराचंदकाका मटकन खाली बसले.

अंकुश मोठ्याने वाचू लागला. "'आमच्या भागाचं कोणी ऐकतच नाही.' 'एकदा तुटलं की जुळत नाही.' 'सभेत मले बोलूच दिलं नाही, म्हणून!'"

लोक हसले. मग हळूहळू एकेक जण दोरीजवळ येऊन स्वतःच वाचू लागला.

दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी होत्या. 'पोरगा पुण्याला आहे. घराजवळ यावा.' आणि 'पोरगी पुण्याला आहे. आणखी दूर जाऊ नये.'

"यातलं 'हो' कोणतं?" अंकुशने विचारलं.

आनंदरावांनी चष्मा सावरला. दुसरी चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. "मनोहरराव, हे तुमच्या नंदिनीबद्दल?"

"लेकीचं माहेर दुसऱ्या राज्यात? नाही सोसत गा मले ते," मनोहरराव म्हणाले. "अन् ही पहिली? तुमच्या धम्मदीपबद्दल?"

"इथं नोकरी असती, तर कशाले गेला असता तो? आपलं राज्य झालं तर येईन, असं वाटते." आनंदरावांनी चष्मा काढून पुसला. "मी समजत होतो, तुम्हाले या मातीचं काहीच नाही."

"अन् मी समजलो, तुम्हाले फक्त तोडायचंच आहे. आठ दिवस झाले, टपरीवरचा चहा घशाखाली उतरला नाही."

ताराचंदकाका उठले. "पुढच्या रविवारी फेरमतदान! चूक माझीच. पोट्टेहो, तुम्ही नसते, तर आज इथं डोकी फुटली असती. शाब्बास! अन् पेटीचा बंदोबस्त आता तुमच्याकडेच."

"चालेल! पण कूलर नको!" तिघं एकदम म्हणाले.

मतदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, फाटकापाशी गाडी उभी होती. आनंदराव मोठा डबा घेऊन आले.

"जय भीम, आनंदराव!"

"राम राम, मनोहरराव!"

मागच्या सीटवरून सौरवने विचारलं, "मग उद्या कोणाचं मत बदलणार?"

"कोणाचंच नाही!" दोघं आजोबा एका सुरात गरजले.

मग मनोहररावांनी शेजारचं दार आतून उघडून दिलं. "या, बसा. रस्त्यात भांडू," ते म्हणाले, आणि गाडी खिंडसीच्या वाटेला लागली.