एकेचाळिसावं पान

सकाळी साडेनऊला फोन वाजला आणि सूनबाईच्या हातातला चहा तसाच राहिला.

"लिफ्टच्या खड्ड्यात एक मेकॅनिक सापडलाय. जिवंत आहे, पण बेशुद्ध. त्याच्या टॅबवर तुमचं पुस्तक उघडं होतं, पान एकेचाळीस. तुम्ही आणि सासरे, दोघंही ताबडतोब या." बोलणाऱ्या होत्या सुरक्षा निरीक्षक बाई.

पुस्तक सासऱ्यांचं. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून त्यांनी ते लिहिलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पुस्तक तीन ऑनलाइन दुकानांवर चढवायचं आणि सुधारणा झाली की तिन्हीकडे बदलायचं, हे काम सुनेचं.

लिफ्ट कंपनीच्या ऑफिसात सुपरवायझरने टॅब पुढे सरकवला. नवं निळं कव्हर. पान एकेचाळीस: 'मेन स्विच बंद करा आणि खड्ड्यात उतरा.' बस्स, एवढंच.

उस्तादांचा चेहराच उतरला. "पुढे ओळ होती. 'स्विचला कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा.' दुसऱ्या आवृत्तीत मीच घातली होती."

"मग काय उडून गेली?" सुपरवायझर म्हणाला. "त्याने पुस्तकात वाचलं तसं केलं, कुलूप लावलंच नाही. कुणीतरी येता-जाता स्विच चालू केला. सूनबाईंनी जुनीच फाइल चढवली असणार, दुसरं काय!"

सुनेने टॅब ओढून ते पान पुन्हा वाचलं. खरंच तसं झालं असेल तर? एका चुकीच्या क्लिकपायी माणूस मरणाच्या दारात! उस्ताद तिच्याकडे बघेनात, आणि ते तिला जास्त लागलं.

निरीक्षक बाईंनी खुर्ची ओढली. "टॅब कुणाचा?"

"कंपनीचा. त्याला वापरायला दिला होता."

"पुस्तक कधी घेतलं?"

"गेल्या आठवड्यात, मीच घेऊन दिलं. लाल चिन्हाच्या ऑनलाइन दुकानातून. कव्हर बघा की, नवंकोरं आहे!"

बाई सुनेकडे वळल्या. "तिथे सुधारणा कशी पोचते?"

"प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, बाई. एका दुकानात सगळ्या वाचकांचं पुस्तक आपोआप बदलतं. दुसरे चार दिवस तपासत बसतात. या लाल चिन्हवाल्यांकडे कव्हर सगळ्यांचं बदलतं. आतला मजकूर मात्र जुन्या गिऱ्हाइकाने स्वतः मागितला तरच."

"तुमचं खातं उघडा."

शेवटची फाइल चौदा महिन्यांपूर्वीची होती, दुसऱ्या आवृत्तीची. बाईंनी ती उघडली, पान एकेचाळीस वाचलं. मग हॉस्पिटलमधून आलेली जखमीच्या वस्तूंची पिशवी टेबलावर रिकामी केली. पाकीट, रुमाल आणि सात नंबर कोरलेली छोटी चावी.

"ही कसली?"

"घराची असेल," सुपरवायझर पटकन म्हणाला.

बाई उठल्या. भिंतीवरच्या उघड्या कपाटात दहा कुलपं नंबरवार टांगलेली होती.

"यांच्या चाव्या किती?"

"दोन-दोन. एक कुलपालाच असते, कुलूप लावलं की लावणारा ती खिशात ठेवतो. दुसरी माझ्याकडे. नियमच आहे."

बाईंनी सात नंबरचं कुलूप काढलं, पिशवीतली चावी फिरवली. खट्! उघडलं.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "यांच्या फाइलमध्ये कुलपाची ओळ आहे, आणि ती फाइल चौदा महिने बदललेली नाही. गेल्या आठवड्यात घेतलेल्या प्रतीत ती असायलाच हवी. या टॅबवर नाही. म्हणजे ही प्रत त्या सुधारणेच्याही आधी घेतलेली. टॅब कंपनीचा, त्यावरचं पुस्तकही तुम्हीच घेतलेलं. कव्हर आपोआप बदललं आणि तुम्हाला वाटलं, आतलंही नवंच आहे. जखमीने कुलूप लावलं होतं, चावी खिशात ठेवली होती. मग ते कुलूप इथे कपाटात कसं आलं? दुसरी चावी फक्त तुमच्याकडे. कुलूप काढलंत तुम्ही, स्विच चालू केलात तुम्ही. आणि माणूस सापडल्यावर त्याच्याजवळ टॅब ठेवलात."

सुपरवायझरला दरदरून घाम फुटला. "दहाव्या मजल्यावरचे लोक लिफ्टसाठी सारखे ओरडत होते... मला वाटलं, तो वर आला असेल."

"आणि खापर फोडायला माझी सून सापडली?" उस्ताद कडाडले. "चोराच्या उलट्या बोंबा! सूनबाई, मीसुद्धा क्षणभर तुझ्यावर संशय घेतला. चुकलो."

पण सूनबाईचं लक्षच नव्हतं. सुटल्याचा आनंद दूरच, तिचा चेहरा आणखी पांढरा पडला होता.

"बाबा, ही जुनी प्रत खोटी नाहीये. आपण विकलेली आहे. अशा अजून किती असतील?"

तिने दारात जमलेल्या मेकॅनिकांकडे पाहिलं. "तुमच्यात बाबांचं पुस्तक कुणाकुणाकडे आहे?"

चार हात वर झाले.

"मोबाइल काढा. पान एकेचाळीस उघडा, मोठ्याने वाचा."

चौघांनी वाचलं. तिघं 'खड्ड्यात उतरा'वर थांबले.

त्यातला एक तर खांद्याला पिशवी अडकवून कामावरच निघाला होता. सुनेने त्याला दंडाला धरलं आणि खुर्चीत बसवलं.