रेकॉर्डिंगमधला खटका

मी अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून लॅपटॉपवर रेकॉर्ड करते. सारंगखेड्यातलं आमचं भाड्याचं घर दुपारी अगदी निवांत असतं. तापीवरून आलेला वारा तेवढा खिडकीशी घुमतो. पण मध्यंतरी प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये एक खटका येऊ लागला. खोलीत काही ऐकू यायचं नाही. हेडफोन लावला, की वाक्याच्या मधेच टक्... कुणी कानाशी नख आपटावं तसा. स्क्रीनवर त्या जागी उभी रेघ.

केबल बदलली, माईक बदलला, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला, चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर करून पाहिलं. खटका होताच. शेवटी लग्नांत साऊंड लावणाऱ्या ललितला बोलावलं.

त्याने हेडफोन चढवला आणि लॅपटॉप काखेत, माईक हातात धरून घरभर फिरू लागला. स्वयंपाकघरात खटके वाढले. मागच्या दाराशी तो थबकला. त्याची नजर बाहेरच्या वायरवर गेली.

"रंजिताताई... आठे, या दारपाशी ते खटका एकसारखा वाजी ऱ्हायना."

तेवढ्यात आमच्या घरमालकीण मंगलाबाई ओलं लुगडं घेऊन मागच्या अंगणात आल्या. लुगड्याचं टोक धरून माझी छोटी रिना पाठोपाठ. मंगलाबाईंनी कपडे वाळत घालायच्या तारेकडे हात उचलला...

"मावशी, तारले हात नका लावू!" ललित ओरडला.

त्या जागीच थिजल्या. ललितने खिशातला टेस्टर तारेला टेकवला. दिवा लागला. पाण्याच्या मोटरची वायर त्या लोखंडी तारेवरून टाकलेली होती. जोडाची चिकटपट्टी सुटून उघडं तांबं तारेला टेकलं होतं.

त्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. मी रिनाला उराशी धरून ओट्यावर बसले.

"भाऊ, तुन्हामुये वाचनूत आम्ही," मंगलाबाई रडत म्हणाल्या.

"मन्हामुये नही, मावशी. त्या खटकामुये." मग त्याने हळूच विचारलं, "हाई मोटर कव्हय बसाडी?"

"आज सकायले."

खटके तर महिनाभर येत होते.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त वाटलं, की कुणाचे तरी पाय धरावेत. कुणाचे, ते कळेना.

वायर दुरुस्त झाल्यावर खटके काढून टाकावेत म्हणून मी जुनी रेकॉर्डिंगं उघडली. एकही खटका नव्हता. उभ्या रेघा गेलेल्या, महिनाभराच्या सगळ्या फायली स्वच्छ. रिकाम्या खोलीत मी हात जोडले. डोळे भरून आले होते.

मग ललित यायच्या आधी, त्या सकाळीच केलेली फाईल लावली. धडा संपतो, माझा आवाज थांबतो... आणि त्यानंतर कुणीतरी हळूच एक लांब श्वास सोडतं. खूप वेळ हाका मारून दमलेलं माणूस सोडतं, तसा.