गार काकण

त्या काळी लेकीची पाठवणी करताना ओटीत तांदूळ, खण, नारळ पडत आणि दंडात कळमणी बसे. तांदळाएवढा मणी, कातडीच्या आत. पेशींमधून झिरपणारं पाणी तो रात्रंदिवस चाखत राही. जिवाला कळ लागली की त्या पाण्यात एक द्रव्य उतरतं. शास्त्रज्ञांनी त्याला कळरस म्हटलं होतं. तो वाढला की मणी संदेश धाडी आणि दूरवर आईच्या हातातलं काकण तापे. लेक तोंडानं काहीही म्हणो, काकण खरं तेच सांगे.

वैजू सुरतेला दिली आणि पहिलं वर्षभर गिरजाबाईचं काकण सारखं तापत राहिलं. काय झालंय ते काकणाला सांगता येत नसे. काहीतरी झालंय, एवढंच. मग गिरजाबाई पुढ्यातलं ताट सारायची. लेक तिकडं होरपळत असताना घास उतरायचा कसा? काकण निवेपर्यंत ती पाण्याच्या घोटावर राही. शेजारीण फोनवर म्हणाली, "वैजे, तुझी आई वाळून काडी झाली गं."

त्यानंतर काकण गार झालं. गारच राहिलं. लेकीचं बस्तान बसलं म्हणून गिरजाबाईनं देवीचा नवस फेडला. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दोन वर्षांनी वैजू माहेरी आली ती रिकाम्या कुशीनं. सातव्या महिन्यात पोर पोटातच गेलं होतं. उंबऱ्याशी चपला काढताना तिनं ते सांगितलं, गाडीला उशीर झाला म्हणावं तसं. गिरजाबाईनं हंबरडा फोडला. वैजूनं तिला पाणी आणून दिलं.

काकण गार.

"मोडलंय मेलं," म्हणत गिरजाबाईनं दुसऱ्या दिवशी लेकीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर शहनाज बागवान गावातल्याच. त्यांनी वैजूच्या दंडावर यंत्र धरलं, बराच वेळ पाहिलं.

"मावशी, काकण धड आहे. मणीही. हिच्या अंगात कळरसच नाही."

"असं कसं? पोर गेलंय तिचं. दगडाला तरी घाम फुटेल."

डॉक्टर वैजूकडे वळल्या. "निवळी घेतेस?"

वैजूनं मान डोलावली.

"गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळलं की गाळ तळाला बसतो ना मावशी, तशी ही गोळी. कळरस तयार करणाऱ्या ग्रंथीला झोपवते. चार दिवस घ्यायची असते, हिनं दोन वर्षं घेतलीय. आता ती ग्रंथी कधी जागी होईल, होईल की नाही, मला सांगता येत नाही."

"कशापायी गं, बाई?"

"तू जेवत नव्हतीस," वैजू म्हणाली.

आईपासून दुःख लपवायचं ही लेकींची जुनीच रीत. पणजीच्या काळी त्याला एक हसू पुरायचं. वैजूला आतून कोरडं व्हावं लागलं.

"तो मणी उपटून काढा," गिरजाबाई म्हणाली.

"काढते. पण दुखणं मण्यात कुठं होतं, मावशी?"

गिरजाबाईनं मग नकोच म्हटलं. वाटेत तिनं गोळ्या नदीत सोडल्या. संध्याकाळी भाकरी थापताना सवयीनं तिच्या ओठी ओवी आली,

दळीते बाई दुःख, सुपानं झाकिते तोंड
सांग रे वाऱ्या आईला, लेकीचं जिणं गोड

आणि तिचा हात परातीतच थांबला. वैजूला मांडीवर घेऊन हीच ओवी तिनं किती वेळा म्हटली होती.

ती लेकीच्या समोर ताट घेऊन बसली. मोठाले घास घेतले, दिसावेत असे. "बघ, जेवते मी. काकण तापलं तरी जेवीन. आता दुखू दे तुला, माझे बाई."

"बरं," वैजू म्हणाली. "आणखी भाकरी वाढू?"

गिरजाबाईनं काकणाचा हात गालाला लावला. जे गार राहावं म्हणून तिनं नवस बोलले, त्याचा चटका बसावा म्हणून ती तशीच बसून राहिली. ताटातली भाकरी निवली. काकण तर केव्हाचंच निवलेलं होतं.