दारातून न निघणारी पेटी

"हा पसारा माझ्या घरात नको, मतलब नकोच!" रणजीत गरजला, आणि ओढण्यांना लावायच्या सोनेरी गोटा-किनारीची रिळं, मण्यांच्या बरण्या, सुयादोरे... बायकोचं सारं सामान गोणीत कोंबून त्याने बाल्कनीत भिरकावलं! तेव्हा मोनालीच्या डोळ्यांतून जी आसवं वाहिली, त्यांनी म्हणे खालच्या टाकीत चार बोटं पाणी वाढलं. खोटं वाटत असेल तर जगतपुऱ्यात जाऊन विचारा!

रणजीतच्या आईचं, द्वारकाबाईंचं, काळीज मात्र पेटलं. नवरा गेल्यावर रेल्वेच्या कारखान्यात सुतारकाम करून, जन्मभर डब्यांची दारं बसवून त्यांनी हा लेक वाढवला होता... आणि त्यानेच सुनेच्या हातची कला गोणीत भरावी?

सकाळी तो ऑफिसला गेला न गेला, तोच त्यांनी करवत काढली आणि स्वतःच्या सागवानी पलंगाला लावली!

"आई, नका हो! बाबांनी घडवलेला पलंग आहे तो!" मोनालीने त्यांचे हात धरले.

"आठवण माझ्या उरात आहे गं. लाकडाने काम करावं. धर ते टोक!"

करवत अशी चालली, अशी चालली, की तिकडे आमेरच्या किल्ल्यावरचे हत्ती बिचकले! संध्याकाळी द्वारकाबाईंच्या खोलीत पेटी उभी... रिळांना खुंट्या, मण्यांना कप्पे, वर भक्कम झाकण.

रणजीत आला तो थिजलाच. "आई... बाबांचा पलंग!"

"पलंग माझा होता. बाप तुझा."

रागारागाने त्याने पेटी दाराशी ओढली. आडवी केली, उभी केली, तिरकी केली... दारातून निघेचना!

"माप चुकलं तुझं!"

"चुकलं असेल बाबा, म्हातारी झाले. आता घाल घाव बापाच्या लाकडावर! नाहीतर ही खोली आजपासून मोनालीची."

"आणि तू कुठे झोपणार?"

"हॉलमध्ये. तुझ्या टीव्हीसमोर चटई टाकून. बघते कोण उठवतं!"

रणजीतचा हात झाकणावर पडला. ती पलंगाच्या उशाची फळी होती... लहानपणी त्याने खिळ्याने कोरलेली वाकडी आगगाडी तिच्यावर अजून तशीच! आईने तेवढी मात्र रंध्याखाली घातली नव्हती. त्याने त्या रेघांवरून बोट फिरवलं. "आई... चुकलो गं!"

"मला काय सांगतोस? तिला सांग."

तो बाल्कनीत गेला, गोणी उचलून आणली आणि मोनालीसमोर मांडी घालून रिळं लावू लागला.

"अहो, ते त्या खुंटीला नाही," ती रडता रडता हसली.

द्वारकाबाईंसाठी नवा पलंग हॉलमध्ये आला, ऐन टीव्हीसमोर. पण जन्मभर दारं बसवलेल्या बाईला दाराचं माप चुकावं? विचारलं, की त्या पदर तोंडाला लावतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.