दुसरी शिफारस

ऋषिकेशची आणि माझी पहिली भेट कारंज्याच्या बस स्टँडवर झाली. भेट कसली, भांडणच! मंगरूळपीरच्या एसटीत मी धक्के खात चढले. एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर खिडकीतून टाकलेला एक निळा रुमाल. मी तो उचलला, बाहेर भिरकावला आणि बसले.

"अवो मॅडम, तो रुमाल माहा होता!"

"मंग खाली उतरा अन् घ्या."

तो उतरला, रुमाल झटकून परत आला आणि मंगरूळपीरपर्यंत माझ्या सीटची दांडी धरून उभा राहिला... हसत! त्या हसण्याचाच मला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी आसेगावच्या शेतकरी कंपनीत नोकरीवर रुजू व्हायला गेले, तर मॅनेजरच्या खुर्चीत हाच.

"बसा, निकिता मॅडम," तो म्हणाला. "या खुर्चीवर कोणी रुमाल नाही टाकला."

आमचं काम बियाण्याचं. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे दाणे मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची आणि काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. मोजताना त्याचा हात माझ्या हाताला लागायचा... आणि मी आकडा विसरायचे. मग चिडायचे.

"तुमच्यामुळं चुकलं, सर!"

"मंग पुन्हा मोजू. मले कायची घाई हाय?"

असा माणूस. त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं आणि रागावल्याशिवाय माझा दिवसही जात नव्हता.

मला बियाणं-शास्त्रात मास्टर्स करायला नेदरलँड्सला जायचं होतं. हे वेड मी घरच्यांआधी त्याला सांगितलं होतं. पण त्या विद्यापीठाच्या अटी! वाचून डोकंच फिरतं. पदवी चार वर्षांची पाहिजे. माझी बी.एस्सी. ॲग्री चार वर्षांची, म्हणून मी वाचले. माझी मैत्रीण साधना तीन वर्षांच्या बी.एस्सी.ची, ती पहिल्याच अटीला बाद. हुशार पोरगी! तिच्या वाटचाही राग मीच केला. इंग्रजीच्या परीक्षेला नागपूरला गेले, तर समोरची बाई विचारते, तुमचा छंद कोणता? मला भांडण सोडून काही आठवेना. तरी गुण पुरेसे आले. कामाचा अनुभव पाहिजे होता, तो आसेगावात झाला. राहिली दोन शिफारसपत्रं. एक कॉलेजच्या सरांनी पाठवलं. दुसरं कामावरच्या वरिष्ठाचं, म्हणजे ऋषिकेशचं. शिफारस भरायची विद्यापीठाची लिंक त्याच्या मेलवर कधीची येऊन पडली होती. तो काही भरत नव्हता. विचारलं की "करतो, करतो."

मुदत संपायच्या आदल्या दिवशी माझा संयम संपला. मी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"भरली का लिंक?"

"नाही."

"काहून?"

तो पेनाचं टोपण काढत-घालत बसला.

"मी जाऊ नये वाटते ना तुमाले? मी गेल्यावर इथं गोणपाट कोण गुंडाळन, हेच ना?"

"तसं नाही, निकिता."

"मंग कसं? मूग गिळून काय बसले? माहा अर्ज बाद होऊन राह्यला उद्या!"

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पहिलाच प्रश्न होता — अर्जदार तुमच्या नात्यात आहे का, किंवा अर्जदाराशी तुमचा जवळचा वैयक्तिक संबंध आहे का? असल्यास तुमची शिफारस धरली जाणार नाही.

"त 'नाही' लिहा! कोण पाहाले येते आसेगावात?"

"खोटं कसं लिहू?"

"कायचं खोटं?"

त्याचे कान लाल झाले. बाहेर चाळणीचं यंत्र धडधडत होतं, तरी त्याचं पुटपुटणं मला नीट ऐकू आलं.

"माह्याकडून... हाय संबंध. कवाचाच हाय."

आधी गोड वाटलं, आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की काय सांगू! 'सर' गेलं, 'तुमी' गेलं.

"अन् हे तू आज सांगतो? उद्या मुदत संपते तवा? इतके दिवस तुले तोंड नव्हतं का बाप्पा!"

"तू जाणार होती. तुले अडवल्यासारखं झालं असतं."

"अन् आता नाही अडवलं?"

तो उठून उभा राहिला. "एक काम कर. माह्या मनात तुह्यासाठी काही नाही, एवढं म्हण. एकट्याच्या मनातल्याले कोणी संबंध नाही म्हणत. मी 'नाही' लिहितो अन् आत्ताच पाठवतो. तुहं काम नाही अडणार."

एकच वाक्य. ते बोललं की माझा अर्ज पुरा. मी तोंड उघडलं... आणि आवाजच फुटेना! सगळ्या जगाला तोंडावर बोलणारी मी, आणि एवढं साधं खोटं मला जमेना. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही राग आला.

मी तिथूनच निता मॅडमना फोन लावला. मॅडम सरकारी अधिकारी, बियाणं तपासायला वाशिमहून यायच्या. आमचं काम त्यांनी जवळून पाहिलेलं, म्हणून वरिष्ठाच्या जागी त्यांची शिफारस चालणार होती. पण गेल्या हंगामात त्यांनी आमचं बियाणं नापास केलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते बोलले होते. त्यांच्यापुढे हात पसरण्यापेक्षा जीभ चावलेली बरी, असं तोवर मला वाटायचं.

"मॅडम, आसेगावची निकिता."

"भांडाले फोन केला का?"

"माफी मागाले केला. मी लय चुकीचं बोलली होती." "अन् मले तुमची शिफारस पायजे. उद्यापर्यंत."



"काम चोख हाय तुहं, ते मी लिहीन," मॅडम म्हणाल्या. "पण तुह्या मॅनेजरनं काहून नाही देल्ली शिफारस? खरं सांग."

ऋषिकेश श्वास रोखून उभा होता. मी त्याच्याकडे रागानं पाहत फोनमध्ये ओरडलेच, "त्यायले नियमानं देता येत नाही, मॅडम. ते माह्या घरचे होणार हायेत!"